बाळ शांत निजलेले असावे

भिवराबाई मूल निजवायला बसल्या की आधी त्याच्या आईला चार गोष्टी विचारायच्या. नाव काय, गाव कोणतं, बैलांची नावं काय, आणि काल पोर कशाला हसलं. एवढं कळल्याशिवाय त्या गाणं म्हणत नसत. आई घाईत असायची, ऊसतोड टोळी फडाकडे निघालेली असायची, मुकादम लांबून हाका मारत असायचा. तरी भिवराबाई तिचा पदर सोडत नसत.

"सांग की गं. हसलंच न्हाई म्हनतीस? येवढं येवढं लेकरू दिवसभरात एकदा तरी हसतंय. तुझंच ध्यान नसंल."

मग आई आठवून सांगायची, "शेळीनं सासऱ्याची टोपी खाल्ली, तवा हसलं."

"हां. जा आता."

आणि थोड्या वेळानं पत्र्याच्या शेडमधून आवाज यायचा. आवाज गोड नव्हता. तो जाड होता आणि मधे मधे फाटायचा.

नीज नीज सटवा, पवळ्या पाणी पिऊन आला,
तुझी आई फडात, तिचा ऊस संपत आला.
शेळीनं टोपी खाल्ली, म्हणून काल तू हसला,
नीज आता, दुसरी टोपी देते मी आजोबाला.

असं एकेका मुलाचं वेगळं गाणं. ज्या हंगामाबद्दल मी लिहितो आहे, त्या हंगामात शेडमध्ये चौतीस मुलं होती. एकाचं गाणं त्यांनी दुसऱ्याला म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मी माजलगावच्या बाजूच्या एका सहकारी साखर कारखान्यात कार्यालयीन अधीक्षक आहे. अंबाजोगाईला बी. कॉम. केलं आणि इथं लागलो, तो येत्या जूनअखेर निवृत्त होतो. पत्रांचे मसुदे, बैठकांची व्यवस्था, वाहनं, पाहुण्यांचं येणंजाणं ही माझी कामं. माझ्या टेबलावर कागद तिरका पडलेला चालत नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे. हे सगळं सांगण्याचं कारण पुढे येईल.

२०१२-१३चा तो हंगाम दुष्काळाचा होता. धरणाच्या तळातला गाळ उघडा पडला होता. निम्मा ऊस कारखान्याऐवजी छावण्यांतल्या जनावरांच्या पोटात गेला होता. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. तरी तोडणीच्या टोळ्या आल्या होत्या, कारण गावी राहून त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. धारूरच्या डोंगरातून, वडवणीकडून, उमापूरच्या बाजूनं बैलगाड्या आल्या आणि कारखान्याच्या मागच्या माळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहिल्या.

पाळणाघर आम्ही काढलं ते एक सरकारी पत्र आलं म्हणून. आधी त्या शेडमध्ये रिकामी पोती असायची. पोती हलवली, लोखंडी सांगाड्याला आठ पाळणे टांगले, बाकी मुलांसाठी लुगड्याच्या झोळ्या बांधल्या आणि दारावर पाटी लावली. पाटी मीच रंगवून घेतली होती. मुलं सांभाळायला बाई पाहिजे म्हणून मुकादमांना विचारलं, तेव्हा त्यांनी भिवराबाईंना पाठवलं. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढचं. बावीस हंगाम ऊस तोडून डावं मनगट कायमचं सुजलेलं. कोयता धरता येत नव्हता, म्हणून मुकादमांच्या दृष्टीनं त्या निकामी.

त्यांचे नियम दोन होते. पहिला, रिकामा पाळणा हलवायचा नाही. मूल उचललं की त्या दोरीला चिंधी बांधून पाळणा खुंटीला अडकवून ठेवत. वाऱ्यानंसुद्धा हलता कामा नये. आपल्याकडे हे सगळ्याच घरांत पाळतात, पण भिवराबाई त्याबाबतीत फार कडक होत्या.

दुसरा नियम गोळीचा. तोडणीवाल्यांत बाळगोळी म्हणून एक प्रकार चालतो. अफू घातलेली मोहरीएवढी गोळी आठवडी बाजारात मिळते. सकाळी पोराच्या जिभेवर ठेवली की ते फडाच्या कडेला चार-पाच तास पडून राहतं. आईला मधे पाजायला यावं लागत नाही. मुकादम खूश, टोळी खूश. पोराचं काय होतं ते कुणी विचारत नाही. भिवराबाई मात्र मूल हातात घेतलं की आधी त्याची पापणी वर करून बघायच्या. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकासारखा दिसला की आईची धडगत नसे.

"ने बाई तुझं पोतं माघारी. मी लेकरं निजवते. पोती रचून ठेवायची तर पहिल्यासारखा गोडाऊनवाला बसवा म्हनावं हितं."

महिन्याभरात चौतीसच्या चौतीस मुलांची गोळी सुटली. मी एकदा त्यांना विचारलं, गोळीवर एवढा राग का. त्या झोळीची गाठ बांधत होत्या.

"सायेब, माझी छबू सात म्हयन्याची होती. निजली म्हनून मी त्या दिवशी दोन मोळ्या जास्तीच्या बांधल्या." एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या झोळीकडे वळल्या.

त्या वर्षी फेब्रुवारीत चेअरमन सुंदरराव एकसष्ट वर्षांचे होणार होते. सत्कार समिती झाली. तिचे प्रमुख अर्जुनराव. हे संचालक होते आणि सुंदरराव शिंकले तरी टाळी वाजवतील अशा जातीचे गृहस्थ. अतिथिगृहात बैठक बसली. बाहेर पाण्याच्या रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली, आत हार किती फुटी असावा यावर चर्चा. मी टिपण घेत होतो.

अर्जुनराव म्हणाले, "सत्कार काय, सगळेच करतात. आपल्याला काहीतरी जगावेगळं पाहिजे. जयंतीला आपण काय करतो? देवाची मूर्ती पाळण्यात ठेवतो, थोरामोठ्यांचा फोटो ठेवतो, बाया पाळणा म्हणतात. मग आपल्या साहेबांचा पाळणा कावून नको?"

मला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "वा." दुसरा म्हणाला, "मातोश्रींच्या हातानं दोरी ओढायची." तिसऱ्यानं फोटोची चौकट चांदीच्या रंगाची असावी असं सुचवलं. जिवंत, धडधाकट, मधुमेहाच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाची तसबीर पाळण्यात घालून हलवायची आणि हे बारा बाप्ये माना डोलवतायत. आणि मी टिपणात लिहिलं, 'पाळणा - सर्वानुमते.'

गीत एका प्राध्यापकांकडून लिहून घेतलं. मी ते टंकलं म्हणून दोन ओळी अजून आठवतात.

पहिल्या वर्षी बाळ हे बोले, धरणाचे दरवाजे आपोआप खुले,
दुसऱ्या वर्षी पाऊल टाकी, उसाला आली साखर बाकी.

टंकताना मी दोनदा उठून तोंड धुऊन आलो.

म्हणायला कोण? अर्जुनरावांनी भिवराबाईंचं नाव घेतलं. कष्टकरी भगिनीच्या मुखातून पाळणा, हे वर्तमानपत्राला चांगलं दिसेल. त्यांना कचेरीत बोलावलं. त्या दारातच चपला काढून उभ्या राहिल्या. मी बसायला सांगितलं तर जमिनीवर बसल्या.

"मावशी, तुम्हाला पाळणा म्हणायचाय," अर्जुनराव म्हणाले.

"म्हनते की. बारसं कुनाचं हाय?"

"साहेबांचा वाढदिवस आहे."

"नातवाचा?"

"नातवाचा नाही, साहेबांचा."

भिवराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लेकरू केवढं हाय म्हनायचं?"

"एकसष्ट," मी म्हणालो.

त्यांनी पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. अर्जुनरावांचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं, डोळे पुसले आणि विचारलं, "आन् मावत्याल का?"

"फोटो ठेवायचाय मावशी, फोटो!"

"मग न्हाई जमायचं, दादा. फोटू म्हंजे लेकरू न्हाई. पाळना रिकामाच राह्यला की. रिकामा पाळना मी हलवीत न्हाई, दुसऱ्याला हलवू देत न्हाई."

"देवाचा नाही का हलवत?"

"देवाला कुठं लेकरंबाळं मरायचं भ्याव हाय."

अर्जुनराव खुर्चीत मागे रेलले. आवाज एकदम मऊ केला. असा मऊ आवाज मी खूप ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी मला अंगावरून पाल गेल्यासारखं होतं. "मावशी, मंडपाचं सामान ठेवायला आपल्याला जागा नाही. तुमचं शेड मोकळं केलं तर बरं होईल. नाही तरी यंदा ऊस कुठं आहे? हंगाम महिन्याभरात आटपतोय. काय राधाकिशनराव?"

राधाकिशनराव म्हणजे मी. मी म्हणालो, "बघता येईल."

भिवराबाई बोटावर काहीतरी मोजत होत्या. मला वाटतं, मुलं मोजत होत्या. शेड बंद म्हणजे दुसऱ्या दिवशी चौतीस जिभांवर गोळी, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

"मग असं करा," त्या शेवटी म्हणाल्या. "पाळन्यात जितं लेकरू ठेवा. मी त्या लेकरासाठी म्हनते. फोटू तुमी कुठं बी टांगा. पर शेड राह्यलं पायजे. म्होरल्या हंगामाला बी."

अर्जुनरावांनी टेबलावर हात मारला. "राह्यलं! सजीव देखावा! साहेबांचं बालरूप! मावशी, तुम्ही तर आमच्यापेक्षा हुशार निघालात."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः शेडमध्ये गेले आणि एकेक झोळी उघडून पाहू लागले. मी बरोबर होतो. "हे काळं आहे. ह्याच्या नाकाला काय झालंय? ही मुलगी आहे का? नको." बैलबाजारात दात बघतात तसं चाललं होतं. शेवटी केसरबाईचा त्रिंबक पसंत पडला. पाच महिन्यांचा, रंगानं उजळ. केसरबाई आणि तिचा नवरा आसाराम बंकट मुकादमाच्या टोळीत होते. बंकटला सांगितलं, बंकटनं आसारामला सांगितलं. केसरबाईला कुणी विचारलं नाही. तिला नवं झबलं दाखवलं.

कार्यक्रमाची वेळनिहाय रूपरेषा करायचं काम माझं. साडेदहाला आगमन, दहा पन्नासला दीपप्रज्वलन, अकराला स्वागतगीत. अकरा दहाला पाळणा. तिथं मला एक अडचण दिसली. मूल रडलं तर ध्वनिक्षेपकावर ऐकू जाणार. म्हणून मी कंसात एक ओळ घातली, 'बाळ शांत निजलेले असावे.' सहा प्रती काढल्या. एक अर्जुनरावांना, एक मंडपवाल्याला, एक बंकट मुकादमाला.

कार्यक्रमाच्या दिवशी टँकर यायचा होता तो आला नाही. मैदानात धूळ उडत होती आणि सुंदररावांचा पोशाख पांढरा असतो. अर्जुनरावांनी शेडमधलं मुलांच्या पाण्याचं पिंप उचलून आणवलं. दोनशे लिटरचं. ते पाणी माणसांनी बादल्यांनी मैदानावर शिंपडलं. माळावरच्या बाया कोप्यांच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. ओल्या मातीचा वास सुटला, तसं एक म्हातारी म्हणाली, "लई छान वास आला गं बाई. प्यायला मिळालं असतं तर आणखी छान झालं असतं."

सुंदरराव बारा मिनिटं उशिरा आले. व्यासपीठावर मधोमध पाळणा होता, आमच्याच शेडमधला, झेंडूनं इतका मढवलेला की सांगाडा दिसत नव्हता. डोक्याशी चांदीच्या रंगाच्या चौकटीत सुंदररावांचा हसरा फोटो. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या मातोश्री सरस्वतीबाई, पंच्याऐंशीच्या, हातात रेशमी दोरी. त्यांना कमी ऐकू यायचं. आपण कशाला आलो आहोत हे त्यांना कितपत कळलं होतं, देव जाणे.

अकरा दहाऐवजी अकरा बावीसला निवेदकानं पाळणा जाहीर केला. बंकटनं त्रिंबकला आणून पाळण्यात ठेवलं. नवं झबलं, डोक्याला कुंची, गालाला तीट. अगदी शांत. मी रूपरेषेवर बरोबरची खूण केली.

भिवराबाई पुढे आल्या. एका हातात प्राध्यापकांच्या गीताचा कागद होता, वाचता न येणारा. त्या वाकल्या. लोकांना वाटलं, दृष्ट काढतायत. त्यांनी त्रिंबकच्या पापणीवर अंगठा ठेवला, ती वर केली. मग दुसऱ्या डोळ्याची. मग गाल त्याच्या नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

त्या ताठ झाल्या तेव्हा ध्वनिक्षेपक बरोबर तोंडासमोर होता.

"ह्ये लेकरू निजलेलं न्हाई. कुनी गोळी दिली ह्येला?"

मंडपात चुळबुळ झाली. बायकांच्या घोळक्यातून केसरबाई उठली. "येकच दिलीय वं मावशी! सकाळी. मुकादम म्हनले, दोन तासाचा तर प्रश्न हाय. येकच!"

व्यासपीठाखालून बंकट ओरडला, केसरबाईवर नाही, तिच्या नवऱ्यावर. "आसाराम, तुझ्या बायकोनं दिलती तर सांगायचं न्हाई का बे? मी बी दिली की आता आनताना!"

पुढच्या रांगेत दोघं-तिघं हसले. मी त्यांची नावं सांगू शकतो. सांगत नाही, कारण माझं स्वतःचं नाव त्यांच्या फार लांब बसवता येणार नाही.

अर्जुनराव ध्वनिक्षेपकावर हात ठेवून फिसकारले, "मावशी, निजलंय ना? मग म्हणा पाळणा. नंतर बघू." सरस्वतीबाई दोरी ओढत होत्या. पाळणा हलत होता. पोराची मान एका बाजूला कलली होती आणि कुंचीच्या कडेला ओठ निळसर दिसत होते.

भिवराबाईंनी सरस्वतीबाईंच्या हातातली दोरी सोडवली, त्रिंबकला उचललं आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरल्या. कारखान्याचे डॉक्टर पहिल्या रांगेतच होते. त्यांनी डोळे पाहिले, छातीला कान लावला. "अंबाजोगाईला न्या. लगेच. आणि काही झालं तरी झोपू देऊ नका."

वाहनांची यादी माझ्या हातात होती. जीप पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. मी म्हणालो, "कारखान्याच्या एमडी साहेबांची सही घ्यावी लागेल." हे वाक्य मी म्हणालो. आजवर कुणाला सांगितलं नाही, पण म्हणालो.

"सही कुनाची बी घ्या माघारी," भिवराबाई म्हणाल्या. "किल्ली द्या."

मी किल्ली दिली. ड्रायव्हर धावत आला. मग जीपबरोबर जबाबदार माणूस असावा असं स्वतःलाच सांगून पुढच्या सीटवर बसलो. मागे केसरबाई, आसाराम आणि मांडीवर पोर घेतलेल्या भिवराबाई.

केसरबाई ऊर बडवायला लागली, तशी भिवराबाईंनी तिचा हात धरला. "रडू नंतर. सांग, बैलांची नावं काय?"

"सर्जा... सर्जा आन् हौशा."

"काल कशाला हसलतं?"

"काय मावशी तुमी..."

"कशाला हसलतं? सांग!"

"बाप शिंकला, तवा."

"आसाराम, शिंक."

आसाराम तिच्याकडे बघत राहिला. "शिंक म्हनते की बे!" ड्रायव्हरनंच मागे वळून दरडावलं. आसारामनं तोंडानं खोटी शिंक काढली. मग दुसरी. भिवराबाईंनी त्रिंबकच्या तळव्यावर चापट मारली आणि गाऊ लागल्या. आजवर ऐकलेली त्यांची चाल ही नव्हती. ही कर्कश, जलद, खडीच्या रस्त्यावर गाडी आदळावी तशी.

ऊठ ऊठ त्रिंबका, सर्जा सुटून गेला,
कुणाच्या रानात शिरला, हौशा शोधाया गेला.
ऊठ ऊठ त्रिंबका, बाप तुझा शिंकतो,
डोळे तू मिटलेस तर कुणासाठी शिंकतो?

एरवी बाईंचं गाणं लेकरं निजवायला असायचं. आता त्या गाण्यानं एक लेकरू जागं ठेवत होत्या. पोराचे डोळे मिटले की चापट, पाण्याचा ओला बोळा कपाळावर, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. आसाराम दर ओळीच्या शेवटी शिंकत होता. घशातून आवाज येईना, तरी शिंकत होता. घाट, खड्डे, छावण्यांतल्या जनावरांच्या रांगा, कशाकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. एकदा मधेच गाणं थांबलं. मी मागे पाहिलं. भिवराबाई पोराच्या नाकाशी कान नेऊन बसल्या होत्या. केसरबाईनं डोळे गच्च मिटले होते. मग भिवराबाई म्हणाल्या, "हाय. शिंक रं आसाराम," आणि पुन्हा सुरू झाल्या.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक प्रश्न विचारला, "किती गोळ्या?" भिवराबाई म्हणाल्या, "दोन." त्यांनी पोर आत नेलं, इंजेक्शन दिलं, नळी लावली. आम्ही बाहेर व्हरांड्यात थांबलो. दुपारी तीनच्या सुमाराला आतून रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत.

भिवराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. आवाज पार बसला होता. "रड बाबा," त्या पुटपुटल्या, "लई रड. आज कुनी गप कर म्हननार न्हाई."

त्रिंबक वाचला. दोन दिवस दवाखान्यात राहिला आणि आईबरोबर कोपीवर परत आला.

मी संध्याकाळी कारखान्यावर पोचलो तेव्हा मैदान झाडणं चाललं होतं. कार्यक्रम पार पडला होता. आम्ही निघाल्यावर अर्जुनरावांनी फोटो डोक्याशी होता तो काढून पाळण्यात आडवा ठेवला, प्राध्यापकांनी स्वतःच पाळणा म्हटला आणि सरस्वतीबाईंनी दोरी ओढली. फटाके वाजले. जिलेबी उरली होती, ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. मी ती खाल्ली नाही, यात काही मोठेपणा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात छायाचित्र आलं, झेंडूच्या ढिगात पाळणा आणि पाळण्यात हसरे सुंदरराव.

सुंदररावांनी केसरबाईला एक साडी पाठवली, कारखान्याचं नाव छापलेल्या पिशवीत.

सोमवारी भिवराबाईंना कमी करण्याचं पत्र तयार करायला मला सांगण्यात आलं. कारण काय लिहायचं, असं मी विचारलं. अर्जुनराव म्हणाले, "तुम्ही शब्दांचे जाणकार. लिहा काहीतरी." मी लिहिलं, 'कार्यक्रमात व्यत्यय.' चांगला, सभ्य शब्द आहे. गोळीचा उल्लेख पत्रात कुठंही नाही. बंकट मुकादम होता तिथंच राहिला. शेडमध्ये मंडपाचे बांबू भरले. दारावरची पाटी तशीच ठेवली, कारण सरकारी पत्र अजून लागू होतं.

पत्र द्यायला मी स्वतः गेलो. भिवराबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही दाखवलं.

"येत्यय म्हंजे काय वं सायेब?"

"अडथळा."

"हां," त्या म्हणाल्या. "त्यो मी आनलाच की."

पुढच्या हंगामात टोळ्या पुन्हा आल्या. डिसेंबरात तपासणीचं पत्र आलं, अधिकारी पाळणाघर पाहणार होते. बांबू बाहेर काढले, पाळणे पुसले. मग प्रश्न आला बाईचा आणि मुलांचा. अर्जुनरावांनी मला भिवराबाईंना आणायला पाठवलं.

त्या केसरबाईच्या टोळीबरोबर आल्या होत्या. फडाच्या कडेला लिंबाखाली उसाच्या वाढ्यांची, शेंड्यांच्या पाल्याची, एक कोपी केली होती. आत अकरा झोळ्या. टोळीतल्या बायांनी आपापसांत ठरवलं होतं, एकेकीनं रोज भाकरी द्यायची आणि पोर भिवराबाईंकडे ठेवायचं. मुकादमानं कुरकुर केली तेव्हा सगळ्यांनी कोयते खाली ठेवले होते म्हणे. त्रिंबक आता पळत होता. मला बघून तो झोळीमागे लपला.

"मावशी, चला," मी म्हणालो. "शेड पुन्हा उघडलंय."

"किती लेकरं हायेत तितं?"

"सध्या एकही नाही. म्हणून तर ही मुलं घेऊन चला. तपासणी आहे. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

शब्द तोंडातून गेल्यावर ते कुणाचे होते हे मला आठवलं. भिवराबाईंनाही आठवलं असणार. त्या रागावल्या नाहीत. हातातली झोळी त्यांनी थोडी हलवली, आत मूल होतं.

"सायेब, तुमी मला एकदा किल्ली दिलती. म्हनून शिव्या देत न्हाई. जावा."

तपासणीच्या दिवशी अधिकारी शेडमध्ये आले. अर्जुनराव पुढे, मी फाईल घेऊन मागे. आठ पाळण्यांत आठ नव्या दुलया. एकही मूल नाही.

"मुलं आत्ताच आयांबरोबर गेली, साहेब," अर्जुनराव हसत म्हणाले. "बघा, किती हलके पाळणे आहेत." आणि त्यांनी पहिल्या पाळण्याला धक्का दिला. तो करकरत हलायला लागला. मग दुसऱ्याला दिला.

मी फाईल खाली ठेवली. पहिला पाळणा धरून थांबवला, खिशातला रुमाल काढला आणि दोरी खुंटीला बांधली. मग दुसरा पाळणा धरला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे काय करताय?"

"रिकामा आहे, साहेब. रिकामा हलवत नाहीत."

"मग मुलं कुठं आहेत?"

अर्जुनराव माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "फडात. लिंबाखाली. भिवराबाईंकडे."